कुणी हात लावायचा नाही

दादा,

परवा तुझ्या बायकोनं मला दोन थोबाडीत ठेवून दिल्या. चांगल्या सणसणीत. एकोणीस वर्षांत वहिनीनं माझ्यापुढं कधी आवाज चढवला नव्हता, आणि तुझ्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, स्वयंपाकघरात तिनं मला मारलं. मी मार खाण्यासारखंच सांगितलं होतं. ते काय होतं हे खरं तर तुला ठाऊक असायला हवं, कारण ते घडलं तेव्हा तू तिथंच पडलेला होतास. पण तुला त्या वेळी काही ऐकू येत होतं की नाही हे मला कळायला मार्ग नाही, म्हणून पहिल्यापासून लिहिते.

तुझी जन्मतारीख, पलटण, कुठं कुठं पोस्टिंग झालं, ते सगळं पेपरात आलं आहे. गणवेशातला फोटो आहे, मिशा त्यांनी जरा जास्तच काळ्या केल्यात. हवालदार म्हणून रिटायर झालास, पण गावानं तुला केव्हाच बढती देऊन मेजर करून टाकलं होतं. शोकसभेत बोलायला उठलेला प्रत्येक जण म्हणाला की मेजर लय शांत स्वभावाचे होते. तेव्हा मी मान खाली घातली. समोरच्या रांगेत आपले शेताशेजारचे बापू माने बसले होते, आणि त्यांचा वरचा पुढचा दात तू पाडलेला आहे.

आठवतंय ना? चुलत्याच्या पोरीची हळद होती. मी मांडवात पडले. बापू धावत आले आणि माझी जीभ चावली जाऊ नये म्हणून त्यांनी पळीचा दांडा माझ्या दातांत घातला. पळी लोखंडी होती, दात माझाच तुटला. तू सुट्टीवर आला होतास. मांडवाच्या त्या टोकाकडून आलास, कुणाला काही विचारलं नाहीस, माझ्या तोंडातली पळी काढलीस आणि तीच बापूंच्या तोंडावर हाणलीस. त्यांचाही तोच दात गेला. पुढं चार वर्षं, आपल्या शेतांचा बांधाला बांध असून, तू सुट्टीवर आलास तरी तुम्ही दोघं बोलत नव्हता. मी आणि बापू मात्र समोरासमोर आलो की हसायचो, आणि दोघांच्या तोंडात एकाच जागी खिडकी बघून गावाची करमणूक व्हायची.

खरं तर बापूंचं काय चुकलं होतं? सगळं गाव हेच करायचं. दहाव्या वर्षापासून मला फिट येते. मी पडले की कुणी कांदा फोडायचं, कुणी पायातली चप्पल काढून नाकाला लावायचं, कुणी मुठीत किल्ली कोंबायचं. चार जण चार बाजूंनी हातपाय दाबून धरायचे. शुद्धीवर यावं तर दंडावर बोटांचे वळ, तोंडात रक्त आणि नाकात चामड्याचा वास. मला वाटायचं, फिट म्हणजे हेच असतं. आजार कुठं संपतो आणि लोकांनी केलेलं कुठं सुरू होतं, हे मला कितीतरी वर्षं कळलंच नाही.

आणि डाग. यावर आपण कधी नीट बोललो नाही, म्हणून आज लिहिते. मी दहा वर्षांची, तू सोळा. अण्णा आपल्याला दोघांना जतच्या बाजूच्या एका वस्तीवर घेऊन गेले. डाग देणारा म्हातारा गोड बोलायचा. त्यानं मला गूळ दिला. मग विळा शेणीच्या विस्तवात सरकवला आणि अण्णांना म्हणाला की डाग बसला की फेफरं पायातून निघून जातं. त्या वेळी मला फिट आलेली नव्हती, दादा. मी चांगली जागी होते, तोंडात गूळ होता. अण्णांनी खांदे धरले आणि पाय तू धरलेस. मी तुझ्या छातीवर लाथा घातल्या, हनुवटीवर घातल्या, तू सोडले नाहीस. एका पोटरीवर झालं, मग दुसऱ्या. वास आला तेव्हा क्षणभर मला वाटलं की जवळपास कुणीतरी काहीतरी भाजतंय. सुपारीएवढे दोन डाग अजून आहेत. साडी नेसली की दिसत नाहीत.

तू भरती झालास आणि तिथं दवाखान्यातल्या कुणा जवानाशी तुझी दोस्ती झाली. त्यानं तुला काय काय सांगितलं असेल ते असो, पण त्या सुट्टीत तू घरी आलास तो पार बदलून. आईला, अण्णांना, मला अंगणात रांगेत उभं केलंस. मला जमिनीवर झोपवून खोटी फिट आणायला लावलीस आणि त्यांच्याकडून कवायत करून घेतलीस. डाव्या कुशीवर वळवायचं. डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवायचं. तोंडात काही म्हणजे काही घालायचं नाही. आणि सगळ्यांत मोठा हुकूम, तो तू ओरडून सांगायचास, "कुणी हात लावायचा न्हाई." हात लावायचा नाही, धरायचं नाही, उचलायचं नाही, नुसतं घड्याळ बघत बसायचं. पाच मिनिटांत थांबली तर माणूस आपोआप उठतो. पाच उलटली तरच गाडी. तू स्वयंपाकघरात एक घड्याळ लावलंस, गोठ्यात एक लावलंस आणि माझ्या मनगटावर एक बांधलंस. अण्णा डागाबद्दल मरेपर्यंत चकार शब्द बोलले नाहीत, पण ती कवायत मात्र ते शहाण्या पोरासारखी करायचे.

सांगलीच्या डॉक्टरांकडं तूच नेलंस. गोळ्या सुरू झाल्या. महिन्यातून चारदा येणारी फिट वर्षातून चारदा यायला लागली. बाहेरून परीक्षा द्यायला लावलीस, गावच्या वाचनालयात चिकटवलंस आणि मी पडू नये म्हणून तिथल्या खुर्चीला सुताराकडून हात बसवून घेतलेस. मी हे चार शब्द लिहू शकते ते त्या खुर्चीत बसून वाचलं म्हणून. हे मी तुला कधी म्हटलं नाही. आपल्यात तसं बोलायची पद्धत नाही, भांडायची आहे.

वाईचं भांडण आपलं अर्धंच राहिलं. वाईच्या पोराशी माझं लग्न ठरलं तेव्हा तू सरहद्दीवर होतास. फोनवर सांगितलं होतंस की पोराकडच्यांना आजार सांगा. अण्णांनी सांगितला नाही. आठ महिने मी गोळ्या पेटीतल्या साड्यांच्या घडीत लपवून खाल्ल्या आणि मग भर पूजेत, चौरंगाशेजारी पडले. सासूनं देवापुढंच माझ्या नाकाला चप्पल लावली. तुला कळलं तसा तू सुट्टी टाकून निघालास तो घरी न येता थेट वाईला. माझ्या नवऱ्यानं दार उघडलं, तू त्याचा हात चौकटीत धरलास आणि दार लावलंस. दोन बोटं मोडली. मग माझी पेटी डोक्यावर घेतलीस आणि मला पुढं घालून एसटी स्टँडवर आणलंस. तुला वाटलं तू मला सोडवलंस. पण त्या माणसानं आदल्याच दिवशी मला विचारलं होतं की तुझ्या गोळ्या कुठल्या दुकानात मिळतात. हे मी तुला गाडीतच सांगितलं. तू म्हणालास, "ती म्हातारी नाकाला चप्पल लावत हुती का न्हाई?" लावत होती. त्यानं गोळ्यांचं विचारलं होतं हेही खरं आणि तिनं चप्पल लावली हेही खरं. यावर आपण वीस वर्षं भांडलो आणि एकदाही कुणी हरलं नाही. मी म्हणायचे, तुला हात उचलल्याशिवाय माया करता येत नाही. तू म्हणायचास, तुझ्यात पण तेच रक्त हाय, फक्त तुला अजून मोका मिळालेला न्हाई.

तू रिटायर होऊन आलास आणि पुढच्याच वर्षी वहिनीच्या माहेराहून, जतहून, कारवानी कुत्री आणलीस. मेंढपाळाकडची, नुसती बरगड्या आणि पाय. वहिनी तिला सुतळी म्हणाली आणि तेच नाव पडलं. पळण्यासाठी जन्मलेल्या त्या जातीला तू एका जागी उभं राहायला शिकवलंस. मी अंगणात पडायचं नाटक करायचे, तू तिला माझ्या पाठीला पाठ लावून उभी करायचास आणि मग गल्लीतल्या लोकांना जवळ बोलवायचास. कुणी तीन पावलांच्या आत आलं की तिनं दात दाखवले पाहिजेत. त्याही पुढं आलं तर चावलं पाहिजे. घरची तीनच माणसं तिला चालायची, तू, वहिनी आणि मी. दोन महिन्यांत ती तयार झाली. आठवड्याच्या बाजारात मी पडले तेव्हा शंभर माणसं गोळा झाली आणि एकालाही मला कांदा हुंगवता आला नाही. एक गोष्ट तू शिकवलेली नव्हतीस, ती तिची तिनंच शोधली. फिट यायच्या आधी ती पुष्कळदा माझा पदर दातांत धरून मला खाली बसवायची. डॉक्टर म्हणाले, काही कुत्र्यांना कळतं. तू महिनाभर हे सगळ्या गावाला सांगत फिरलास.

गेल्या वर्षी डॉक्टरांना माझ्या फिटचा व्हिडिओ हवा होता. तो वहिनीनं तुझ्या मोबाइलवर काढला. तू माझ्या मागं लागलास, "येकदा बघ. सोताची फिट बघितली म्हंजे भ्या जातं." मी म्हणाले, मला दाखवलास तर मोबाइल विहिरीत टाकीन. माझी फिट मी कधी पाहिलेली नाही. ती येते तेव्हा मी नसते. दुसऱ्या कुणाचीही पाहायची वेळ आली नव्हती. इतकी वर्षं जिच्याशी संसार केला तिचं तोंड मला ठाऊक नव्हतं, आणि मला ते बघायचंही नव्हतं. तू दर आठ-पंधरा दिवसांनी विचारायचास आणि मी दरवेळी तेच सांगायचे.

आणि या दिवाळीत तू मला एक प्रश्न विचारलास. मी पाटाच्या कडेला बसून पायाचा चिखल धूत होते. तू पाण्याची पाळी संपायची वाट बघत उभा होतास. तुझी नजर माझ्या पोटरीवर होती. "शाले," तू म्हणालास, "डाग देताना तुझं पाय कुणी धरलं हुतं, आठवतंय का तुला?"

मी म्हणाले, "न्हाई."

"खरंच न्हाई?"

"मला तवा फिट आली हुती ना. काय आठवणार."

तू "बरं" म्हणालास आणि पाणी पुढच्या सरीत वळवायला, दारं मोडायला गेलास. मी खोटं बोलले, दादा. आठवतं म्हणाले असते तर तू माफी मागितली असतीस, आणि मग मला ती द्यावी लागली असती. मला द्यायची नव्हती. तू माझ्यासाठी इतकं केलंस की तुझ्यावर रागवायला माझ्याकडं तेवढी एकच जागा उरली होती, आणि ती मी सोडायला तयार नव्हते.

तू गेलास त्या दिवशी आपल्या उसाला तोड होती. तोडीवाले पलीकडच्या टोकाला होते. मी कडेच्या सरीत बसून जनावरांसाठी उसाचे शेंडे कोयत्यानं सारखे करत होते. ट्रॉली कुठून वळवायची यावरून तुझं आणि बापूंचं बांधावर नेहमीसारखं चाललं होतं. तू बोलता बोलता थांबलास. छातीवर हात वगैरे काही नेला नाहीस. सरळ खाली आलास, उसाच्या वाळल्या पाचटात. डोळे वर गेले, हात ताठ झाले, मग खांद्यांना झटके, मग पायांना.

मी आयुष्यात पहिल्यांदा फिट बघत होते. असं मला वाटलं. आणि मला काय झालं ते सांगते, कारण हे मी वहिनीला सांगितलेलं नाही. मला बरं वाटलं. माझ्या मनात आलं, आता याला पण आहे. तेहतीस वर्षं मी खाली पडलेली आणि तू वर उभा. आज तू खाली होतास, आणि मला सगळं येत होतं. तुला डाव्या कुशीवर वळवलं. टॉवेलची घडी डोक्याखाली सरकवली. मनगट फिरवून घड्याळ बघितलं. दहा वाजून वीस मिनिटं.

बापू धावत आले. "शाले, ही फिट न्हाई. रंग बघ त्येचा. गाडीत घालूया." त्यांची जीप बांधावरच होती, वीस पावलांवर.

मी उभी राहिले आणि तुझ्या आवाजात ओरडले, "कुणी हात लावायचा न्हाई."

सुतळीला आणखी काय हवं होतं? ती तुझ्या डोक्याशी उभी राहिली, कान मागं, दात बाहेर. तोडीवाल्यांतला एक जण तुला उचलायला वाकला तर तिनं त्याच्या पोटरीत दात रुतवले. तो किंचाळत मागं सरला, बाकीचे थबकले. तेवढ्यात तुझे झटके थांबले आणि तू घोरायला लागलास. लांब लांब, मधे खंड पडणारं घोरणं. फिट उतरल्यावर मीही अशीच घोरते, तुम्ही सगळे मला त्यावरून चिडवता. मी बापूंना म्हणाले, "बघा, उतरली."

ते घोरणं नव्हतं.

बापू ऐकेनात. ते दुसऱ्या अंगानं आले आणि त्यांनी तुझ्या काखेत हात घातला. माझ्या हातात कोयता होता आणि मी तो चालवला. मुद्दाम चालवला, चुकून लागला नाही. कोपराच्या खाली बसला, आतलं पांढरं दिसलं. बापू पाचटात बसले, दुसऱ्या हातानं जखम आवळून. रक्त तुझ्या शर्टावर उडालं. ते ओरडले नाहीत, शिवी दिली नाही. "आजून येक घाल," म्हणाले, "पर त्येला उचलू दे."

मी घड्याळ बघितलं. मी त्यांना म्हणाले, "एक मिनिट राहिलंय."

पाच झाली तशी मी बाजूला झाले आणि सुतळीला मानेला धरून मागं ओढलं. तू सांगितलेल्या वेळेपेक्षा मी एक सेकंदही जास्त घेतला नाही. तुझी कवायत मी इतकी चोख कधीच केली नव्हती.

दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते. त्यांनी मला बाहेर बाकावर बसवून सांगितलं की हृदय बंद पडलं की सुरुवातीला असे झटके येऊ शकतात, घोरल्यासारखा आवाजही येतो, पुष्कळ लोक फसतात. त्याच क्षणी छाती दाबायला लागायची असते. मी विचारलं, लगेच आणलं असतं तर? ते म्हणाले, सांगता येत नाही. दादा, हो म्हणाले असते तर मी विहीर जवळ केली असती आणि नाही म्हणाले असते तर जेवले असते. त्यांनी मला दोन्हींच्या मधे ठेवलं. पलीकडच्या खोलीत बापूंना टाके घालत होते. कुणीतरी विचारलं, तर ते म्हणाले की गडबडीत माझाच कोयता निसटला. ज्या माणसानं आजवर माझ्या प्रत्येक फिटमध्ये काही ना काही चुकीचं केलं, तो त्या दिवशी एकटा बरोबर होता, आणि ते त्यानं आजतागायत कुणाला सांगितलेलं नाही.

मग घर भरलं. भेटायला आलेल्या पाव्हण्यांनी दुपारी ओसरीवर जरा अंग टाकलं की सुतळी जाऊन त्यांच्या उशाशी उभी राहायची आणि दुसऱ्या कुणाला जवळ येऊ द्यायची नाही. कासेगावच्या आत्याबाईंना उठवायला गेलेल्या त्यांच्या सुनेवर ती गुरगुरली, आणि आत्याबाई झोपल्या झोपल्याच मला हाका मारत राहिल्या. लोक हसले. मीही हसले, आणि गोठ्यात जाऊन घड्याळाखाली उलटी केली.

रोज संध्याकाळी आठच्या ठोक्याला तू ओसरीवरून ओरडायचास, "शाले, गोळी." तू गेल्यावर आठ वाजायचे थांबले नाहीत. पाचव्या दिवसापासून मी गोळी बंद केली. विसरले नाही, बंद केली.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी पाव्हणे गेले. वहिनी भिंतीला टेकून तांदूळ निवडत होती. मी तिच्यासमोर बसले आणि सांगितलं. बापूंचा हात, कोयता, सुतळी, सगळं. ती तांदूळ निवडत राहिली. सूप बाजूला ठेवून तिनं विचारलं, "किती येळ?"

"पाच मिनिटं."

"घड्याळ लावून?"

"घड्याळ लावून."

तेव्हा तिनं मारलं. एक, मग उलट्या हातानं दुसरी. सुतळी दारात उभी राहून बघत होती, घरातली भांडणं तिच्या कामात येत नाहीत. मी हात वर केला नाही. मला वाटलं अजून मारावं, मारतच राहावं. पण तिसरी बसायच्या आधी सुतळीनं आत येऊन माझा पदर धरला, एवढं मला आठवतं.

शुद्ध आली तेव्हा मी डाव्या कुशीवर होते. डोक्याखाली वहिनीच्या साडीची घडी, गालाला तांदळाचे दाणे चिकटलेले, पाठीला सुतळीची पाठ. वहिनी समोर उकिडवी बसली होती आणि तिच्या मुठीत तुझं घड्याळ होतं, दवाखान्यानं पिशवीत घालून दिलेलं. "दोन मिन्टं आन् दा सेकंद," ती म्हणाली. तिच्या तोंडावरचा राग जरासुद्धा उतरलेला नव्हता. ती उठली, माझ्या पेटीतून गोळ्यांचं पाकीट आणलं, किती उरल्यात ते बघितलं आणि तिला कळलं. एक गोळी माझ्या हातावर ठेवली. "गिळ," म्हणाली. "मला येक मेलेला पुरं हाय."

मी गिळली. मग तिनं तुझा मोबाइल माझ्यापुढं धरला. "त्येंनी लय येळा सांगितलं तुला. आता बघ."

मी बघितला. आपलं अंगण, धुण्याचा दगड, आणि त्याच्याशेजारी मी. चेहरा निळा पडला होता, पण थोड्या वेळानं त्यात परत रंग आला. तुझ्यात आला नव्हता. दिवाळीत हे बघितलं असतं तर मला फरक ठाऊक असता, याहून जास्त मी कुणाला काही सांगू शकत नाही. पण मला तुला सांगायचंय ते दुसरं आहे. माझ्या टाचा धुण्याच्या दगडावर आपटत होत्या. कुणीही धरल्या असत्या. तू धरल्या नाहीस. तू बसल्या बसल्या सरकत आलास आणि स्वतःची नडगी दगडाच्या आणि माझ्या टाचांच्या मधे घातलीस. मी लाथा घालत राहिले, तू त्या नडगीवर घेत राहिलास. दर लाथेला तुझे दात आवळले जात होते आणि तू तोंडानं सेकंद मोजत होतास. आणि दोन्ही हात तू वर हवेत धरले होतेस, पोलिसापुढं धरतात तसे, चुकूनसुद्धा माझ्या पायांना लागू नयेत म्हणून. तुझ्या नडगीवरचे काळेनिळे डाग मी वर्षानुवर्षं बघत आले. उसाचे बुडखे लागतात म्हणायचास.

उद्या बापूंचे टाके काढायचे आहेत. मी त्यांच्याबरोबर जाणार आहे आणि तिथं खरं काय ते सांगणार आहे, मग त्यांना आवडो न आवडो. त्या तोडीवाल्याचं इंजेक्शन राहिलंय का तेही विचारायचं आहे. वहिनी अजून माझ्याशी बोलत नाही. फक्त आठ वाजले की ओसरीवरून ओरडते, आणि मी गोळी घेते. माझी माफी कुणाकडं मागायची ते मला कळत नाही. तुझी मात्र माझ्याकडं पडून होती, आणि तुझ्या हयातीत ती माझ्या हातून सुटली नाही.

दिवाळीत तू विचारलंस आणि मी न्हाई म्हणाले. व्हय दादा, आठवतंय. पाय तू धरले होतेस, आणि तू माझ्याहून मोठ्यानं रडत होतास.